मदत हवी आहे : ‘ब्लास्टोमायसीट्स’ या संज्ञेचा आजचा अर्थ
नमस्कार. कवकशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘ब्लास्टोमायसीट्स’ नावाचा वर्ग आढळतो. ग्रीक ‘ब्लास्टोस’ म्हणजे कोंब आणि ‘मायकेस’ म्हणजे कवक, त्यामुळे मुकुलनाने (पेशीला कोंब फुटून नवी पेशी होण्याने) वाढणारी यीस्टसदृश कवके असा अर्थ लागतो. परंतु लैंगिक अवस्था ज्ञात नसलेलीच कवके त्या वर्गात ठेवली जात, आणि म्हणून पाव फुगवणारे सॅकरोमायसीस मुकुलनाने वाढत असूनही त्यात बसत नसे.

अडचण पुढे आहे. कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस (दोन्ही माणसाला रोग करू शकणारी यीस्टसदृश कवके) या वर्गात शेजारी नांदत होते. मात्र १९७५ मध्ये क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सची लैंगिक अवस्था उजेडात आली व ते बेसिडिओमायकोटातील (अळंबी ज्यात येतात त्या कवकसंघातील) ठरले, तर कॅन्डिडा ॲस्कोमायकोटात (सॅकरोमायसीस ज्यात येते त्या दुसऱ्या कवकसंघात) गणले जाते. (नावाने जवळचे वाटणारे ब्लास्टोमायसीस हे तर निराळेच, द्विरूपी (तापमानानुसार तंतूंचे किंवा यीस्टचे रूप घेणारे) कवक आहे, विद्यार्थ्यांचा तिथे हमखास गोंधळ होतो.)

असे असता ही संज्ञा आज केवळ रूपवर्णनासाठी वापरणे योग्य ठरेल, की ती पूर्णपणे सोडून द्यावी? मी विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘यीस्टसदृश’ म्हणताना आभासी कवकतंतू (मुकुलनाने झालेल्या पेशी विलग न होता बनलेली साखळी) हा निकष मानावा का, हेही वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे.