मदत हवी आहे: जुन्या अडत सॉफ्टवेअरमधले 'वजन' एका मॉड्यूलमध्ये बंदिस्त कसे करावे?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांत चालणारे एक जुने सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडे आले आहे. मांडणी माल फिरतो त्या क्रमाने: आवक, सौदा, पट्टी (शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशोब), खाते. दिसायला नीटनेटकी, पण चारही मॉड्यूल (प्रोग्रामचे वेगवेगळे भाग) डेटाबेसच्या एकाच टेबलात थेट हात घालतात.

त्या टेबलात वजन क्विंटलमध्ये, दोन दशांशांपर्यंत. म्हणजे १ किलोच्या खालचे काही ठेवताच येत नाही. आता एका दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा १०० ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. कॉलम बदलणे सोपे आहे हो, पण क्विंटलचे किलो करणे आणि राउंडिंग ज्याने त्याने आपापले लिहिले आहे. पट्टी दर ओळीची रक्कम पूर्ण रुपयात करून मग बेरीज करते. खाते आधी बेरीज करते, मग पूर्ण रुपयात आणते. त्यामुळे दोन्हींत रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो. रक्कम किरकोळ असेल, पण शेतकरी पट्टीवर विसंबून घरी जातो. तिथे फरक राहता कामा नये.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या लेखात म्हटले होते की कामाच्या पायऱ्यांनुसार तुकडे पाडू नका. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात ठेवा. त्याप्रमाणे वजनाचे मॉड्यूल वेगळे काढतोय. आत ग्रॅम, पूर्णांकात. बाकीच्यांनी 'या लॉटचे निव्वळ वजन दे' एवढेच विचारायचे.

अडलेय ते रिपोर्टपाशी. हंगामात दिवसअखेरचे रिपोर्ट हजारो ओळींवर जॉइन लावतात, म्हणजे टेबले एकमेकांना जोडून वाचतात. दर ओळीला फंक्शन कॉल केले तर संध्याकाळी दुकानदार खोळंबतील. आणि रिपोर्टना टेबल वाचायची सूट दिली, तर मग लपवले काय? सगळे नव्याने लिहिणे शक्य नाही, यार्ड रोज चालू असते. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सूट टेबलाची नको, व्ह्यूची द्या, म्हणजे टेबलासारख्याच वाचता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरीची. व्ह्यू वजन मॉड्यूलच्या मालकीचा, त्यात निव्वळ किलो तयार मिळतील. रिपोर्टच्या डेटाबेस युजरची मूळ टेबलावरची परवानगी काढून टाका. कोण अजून आत शिरतेय ते एररमध्येच दिसेल. रक्कम मात्र व्ह्यूत मोजू नका, पट्टी निघतानाच साठवा आणि खात्याने तीच उचलावी. राउंडिंगचा नियम उद्या बदलला तरी दिलेली पट्टी बदलून चालणार नाही. सुरुवात पट्टीपासून करा, आवक शेवटी.