हापूसची थेट विक्री : फेसबुकवरून ग्राहक येईनासे झाले आहेत, काय करावे?

कातळावरचा बागायतदार

देवगड तालुक्यात आमची सुमारे तीनशे हापूस कलमांची बाग आहे. वडिलांनी आयुष्यभर वाशीच्या बाजारात पेट्या पाठवल्या आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडेपर्यंत आपल्या आंब्याला काय दर मिळाला हे त्यांना कधीच कळले नाही. ही स्थिती बदलावी म्हणून मी २०१४ साली फेसबुकवर बागेचे पान सुरू केले. मोहोराची आणि काढणीची छायाचित्रे टाकली की दर हंगामात नवे ग्राहक मिळत. २०२० च्या टाळेबंदीत तर मुंबई-पुण्यातील गृहसंकुलांनी एकत्र मागणी नोंदवून आमचा संपूर्ण हंगाम तारून नेला.

आता मात्र तीच छायाचित्रे मोजक्याच लोकांना दिसतात. ग्राहकांचे प्रश्नही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आधी केवळ डझनाचा दर विचारला जाई; आज आंबा देवगडचाच कशावरून, कशाने पिकवला, पाच डझनांच्या पेटीऐवजी एकच डझन घरपोच मिळेल का, असे विचारले जाते. घरातील तरुण मंडळी रील तयार करण्याचा आग्रह धरत आहेत, तर एका जाहिरात संस्थेने संपूर्ण हंगामाचे काम मागितले आहे. खर्च करण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

रत्नागिरीचा शेजारी

तुमच्या छायाचित्रांत काही उणे नाही. मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले, आणि व्यवसायांची पाने तेव्हापासून मागे पडत गेली. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्यावर लोकांचे लक्ष तिकडे वळले. उद्या तेही आणखी कुठे वळेल. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, दुसऱ्याच्या अंगणात मांडलेल्या दुकानावर सगळा हंगाम सोपवू नका. ज्यांनी एकदा तरी तुमचा आंबा खाल्ला आहे, त्यांची नावे, गावे आणि मागील खरेदी यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

मी हे फार उशिरा केले. सहा वर्षांच्या पावत्या चाळून यादी तयार केली, तेव्हा नव्या ग्राहकांच्या मागे धावताना जुन्यांना आपण साधे कळवलेही नव्हते हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर त्यांना यंदाचा मोहोर कसा आला, पहिली काढणी केव्हा होईल आणि दर काय राहील हे कळवतो. एक अडचण मात्र ध्यानात घ्या : ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे प्रत्येक पेटीत क्रमांक जतन करण्याची विनंती करणारी चिठ्ठी घालावी. रील जरूर करा. त्यातून नवा माणूस दारापर्यंत येतो. परंतु त्यासाठी संस्था नेमण्याची गरज मला वाटत नाही. नूतन झेल्याने, म्हणजे आंबे उतरवण्याच्या सुधारित झेल्याने, देठासकट आंबा कसा उतरवतात हे तुमच्याच गड्याने दाखवले, तर ते कोणत्याही सजवलेल्या जाहिरातीपेक्षा अधिक पटेल.

पुण्यातील ग्राहक

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून 'देवगड हापूस' म्हणून मागवलेली पेटी उघडली, तेव्हा फळे वरून पिवळीधमक आणि आतून आंबट निघाली. आमचे प्रश्न वाढले आहेत ते अशा अनुभवांमुळे. तुमच्यावरील अविश्वासामुळे नव्हे. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावर काढले का, कोणत्या तारखेला काढले, पिकवण्यासाठी गवताच्या आढीत किती दिवस होते आणि खाण्याजोगे केव्हा होईल, एवढे पेटीवर लिहून आले तर मी दोनशे रुपये जास्त द्यायलाही तयार आहे. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघालेल्या फळांचे काय करणार हेही आधीच सांगावे. तो दोष बाहेरून ओळखता येत नाही हे आम्हाला समजते, पण त्याविषयी मौन पाळणाऱ्याकडे आम्ही दुसऱ्यांदा जात नाही. राहिला एका डझनाचा प्रश्न. आमच्या घरी दोनच माणसे आहेत. पाच डझन आंबे एकदम पिकले तर निम्मे वाटावे लागतात.

पणन विषयाचा अभ्यासक

'देवगडचाच कशावरून' या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर उपलब्ध आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातील मालाची कायदेशीर ओळख) मिळाले असून, बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर जाहिरातीपूर्वी ती करा, आणि नोंदणी क्रमांक संदेशांतही द्या. कर्नाटकातील आंबा कोकणच्या नावाने विकला जात असताना प्रामाणिक बागायतदाराच्या हाती याहून भक्कम पुरावा नाही. पिकवण्याबाबतही स्पष्ट लिहावे : कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. तुम्ही केवळ आढी लावत असाल तर तसे ठळक सांगा.

कातळावरचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. जाहिरात संस्थेला नकार कळवत आहे. जुन्या पावत्यांची दोन खोकी माळ्यावर आहेत, ती आजच खाली काढतो. एका डझनाच्या खोक्यात प्रवासात फळे दबतात, ही अडचण मात्र अजून सुटलेली नाही. प्रत्येक फळासाठी कप्पे असलेले पुठ्ठ्याचे खोके कुणी वापरले असल्यास त्याचा अनुभव अवश्य लिहावा.

रत्नागिरीचा शेजारी

दोन हंगाम वापरत आहे. हवेसाठी भोके असलेलेच घ्या आणि फळ कडक असतानाच पाठवा. पिकू लागलेले फळ कप्प्यातही टिकत नाही.