मुंबईच्या पोटातल्या थरांचा नकाशा कशाला म्हणे!

गाळातला_गणू:
'खडकावर_उभा' यांची कालची पोस्ट: "मुंबईखाली सगळा काळा पाषाण, थरांचे नकाशे काढणं म्हणजे पैशांची उधळपट्टी." वाचता वाचता चहा गार झाला राव. कुठला पाषाण? महालक्ष्मी-वरळीमधलं भगदाड हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने 1784 च्या सुमारास बुजवलं, पुढे बेटांमधल्या खाड्या भरत गेलो, ते सगळं बेसाल्ट, म्हणजे तुमचा काळा पाषाण, आहे का? अठरा वर्षं बोअरिंगच्या, म्हणजे जमिनीत भोक पाडून माती तपासायच्या, साईटवर काढलीत मी. वर भराव, विटांचे तुकडे, खाली करडी चिकण माती, त्यात शिंपल्या, आणि वास असा की डबा उघडवत नाही. काही ठिकाणी एसपीटीचा (ठोके मारून माती किती घट्ट ते बघायची चाचणी) 63.5 किलोचा हातोडा पडायच्या आधीच रॉड आपल्या वजनाने खाली जातो, आणि रस्ता ओलांडला की 4 मीटरवर खडक! हे बोअरलॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं याच्या नोंदी, कपाटांत सडतायत, एकत्र मांडा एवढंच म्हणणं आहे.

खडकावर_उभा:
तुम्हीच म्हणताय रस्ता ओलांडला की बदलतं, मग नकाशा घेऊन काय पूजा करायची? प्लॉटवर बोअर मारावाच लागतो. मेट्रो 3 चा 33.5 किमी मार्ग झालाच ना.

गाळातला_गणू:
मार्गभर स्वतःचे बोअर मारले म्हणून झाला! बोअर कुठे आणि किती खोल मारायचा हे तरी नकाशा सांगेल की नाही? 1985 ला मेक्सिको सिटीत भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब होतं, तरी झोडपलं गेलं ते जुन्या तळ्याच्या गाळावरचं शहर. तिथे बांधकामाचे नियम झोन पाडून लावतात.

वैतागलेली_ताई:
बोअर मारतात म्हणे! आमच्या रिडेव्हलपमेंटच्या सॉईल रिपोर्टमध्ये पान 7 वर दुसऱ्याच सोसायटीचं नाव होतं. तीन बोअर दाखवलेले, मशीन आलं एकदाच, तेही अर्ध्या दिवसात गेलं, मी गॅलरीतून बघत होते.

भाडेकरू_नंबर_एक:
ताई, रिपोर्ट तरी मिळाला तुम्हाला. आमचं भाडं चार महिने थकलंय, कमिटीवाले फोन उचलत नाहीत.

सेक्रेटरी_माजी:
सगळा दोष कमिटीचा? मीटिंगला कोरम होत नाही, सह्या करताना कोणी वाचत नाही, आणि मग इथे येऊन रडायचं.

वैतागलेली_ताई:
वाचलं म्हणूनच पान 7 सापडलं हो, माजी!

आजोबा_गिरगाव:
भांडा. कोयनेच्या 1967 च्या भूकंपात आमच्या चाळीतल्या मांडणीवरची भांडी खणखणली होती ते आठवतंय मला. आणि प्रिन्सेस डॉक खोदताना गाळाखाली झाडांचे उभे बुंधे मिळाले होते, 1870 च्या दशकात, अख्खं रान बुडालेलं. म्हणे सगळा पाषाण!

खडकावर_उभा:
बरं बाबा, 'सगळा' हा शब्द मागे. काढा नकाशा, फ्रेम करून दिवाणखान्यात लावा. पण ताई, त्या पान 7 चं पुढे काय झालं?

वैतागलेली_ताई:
टायपिंग मिस्टेक म्हणाले. नवीन रिपोर्ट आला, नाव बरोबर, आकडे तेच.