झेनॉन लॅम्प चमकतो पण आर्क धरत नाही, काय करावं? (३५ एमएम, तंबू, जनरेटर)

चामोर्शीवाला:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या काळची सिनेमा दाखवायची ३५ एमएम मशीन आहे. आधी कार्बनच्या कांड्यांवर चालायची, नंतर १६०० वॅटचं झेनॉन लॅम्प हाऊस बसवलं. लॅम्प आडवा. मशीन वर्षभर गोदामात होती. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत तंबू टाकायचा आहे म्हणून परवा अंगणात ट्रायल घेतली. जनरेटर थ्री फेज, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरही थ्री फेज. ब्लोअर फिरतो, लॅम्प पेटवणारा इग्नाइटर चर्रर्र वाजतो, लॅम्पच्या आत निळी रेघ चमकते आणि लगेच विझते, आर्क म्हणजे सलग ज्योत धरत नाही. आठ-दहा वेळा बटण दाबलं, मग भीती वाटली म्हणून थांबलो. लॅम्पवर १४०० तास झालेत. सगळं मिळून २० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. लॅम्प बदलू की इग्नाइटर? कोणी ही अडचण सोडवली असेल तर सांगा.

आर्वी_टॉकीज:
लॅम्प गेला. नवा घ्या. आमच्याकडे हेच झालं होतं, नवा टाकला आणि पहिल्या बटणाला पेटला. ओस्रामचाच घ्या, मी दुसरा कधी लावला नाही. आणि लॅम्प घेताना बजेट पाहायचं नसतं. मध्यंतरानंतर पडदा काळा झाला की पब्लिक खुर्च्या तोडते, त्याचा खर्च कोण देणार?

लेझर_वणी:
झेनॉनच्या मागे कशाला लागता आता? मी लेझर बसवला. लॅम्प नाही, इग्नाइटर नाही, तास मोजायचे नाहीत. एकदाच पैसे घाला आणि मोकळे व्हा.

चामोर्शीवाला:
दादा, वडिलांनी जपलेली रिळं आहेत माझ्याकडे. ती लेझरवर चालत नाहीत. आणि बजेट वर लिहिलंय.

वडसा_मंडप:
भाऊ, मले तं इग्नाइटरच वाटते. आमचा तंबू नदीकाठी राहे, रातच्याले दव पडे. एचटीची, म्हंजे हाय टेन्शनची वायर लॅम्प हाऊसच्या पत्र्याले टेकली होती. ठिणगी लॅम्पमधी जायच्या जागी पत्र्यावरच उडे. साऱ्या बत्त्या बंद करा अन् अंधारात पाहा, निळं कुठं उडते ते दिसते. आमी वायर पत्र्यापासून चार बोटं दूर केली, चिनीमातीचा इन्सुलेटर कोरड्या फडक्यानं पुसला, झालं काम. एक पैसा लागला नाही.
पण यात्रेत आता पिक्चर पाहाले येते कोण? सारी गर्दी झाडीपट्टीच्या नाटकाले जाते.

आर्वी_टॉकीज:
नाटकाला तिकीट काढतात तसं पिक्चरलाही काढतात. प्रिंट चांगली हवी आणि उजेड चांगला हवा. उजेड लॅम्पचा असतो, म्हणून पुन्हा सांगतो, नवा लॅम्प.

वडसा_मंडप:
नाटकाची गोष्ट येगळी हाय दादा. दिवाळीपासून आमच्या वडशात मंडळ्यायची बुकिंग सुरू होते. रातभर माणूस जागेवरून हालत नाही.

पुसदचा_ऑपरेटर:
नाटकाचा वेगळा धागा काढा ना.
चामोर्शीवाले, इग्नाइटरमधला स्पार्क गॅप पाहा. दोन टोकं समोरासमोर असतात, ती काळी पडतात. बारीक पॉलिश पेपरने घासा. गॅप मात्र नजरेने बदलू नका, फीलर गेजने मोजूनच ठेवा. आणि रेक्टिफायर कोणी खोलला असेल तर पोलॅरिटी तपासा. मी २२ वर्षं केबिनमध्ये आहे आणि एकदाच चुकलो. वाइंडिंग करून आलेल्या रेक्टिफायरच्या प्लस-मायनसच्या वायरी उलट जोडल्या. लॅम्प पेटला, पण दहा सेकंदांत टोकदार इलेक्ट्रोडचं टोक वितळून गोल झालं. कोरा लॅम्प होता. जाड इलेक्ट्रोड प्लस, टोकदार मायनस, हे लॅम्प हाऊसच्या दारावर रंगाने लिहून ठेवा.

जुनं_केबिन:
सगळे पार्ट बदला म्हणत आहेत, पण त्यांनी काय लिहिलंय ते कोणी नीट वाचलेलं दिसत नाही. "निळी रेघ चमकते आणि विझते." उत्तर याच वाक्यात आहे.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर इग्नाइटरला सप्लाय जात नाही: दाराचा मायक्रोस्विच, ब्लोअरचा हवेचा स्विच, टायमर. आवाज येतो पण लॅम्पच्या आत काहीच दिसत नाही, तर वडशाचे भाऊ म्हणतात तसं एचटी बाहेर गळतंय, किंवा स्पार्क गॅप खराब आहे, किंवा लॅम्प म्हातारा झालाय. पण लॅम्पमध्ये रेघ दिसते, याचा अर्थ इग्नाइटरचे हजारो व्होल्ट आत पोचले आणि वायूतून वीज वाहिली. इग्नाइटरचं काम तिथे संपलं. पुढे आर्क धरून ठेवायचं काम रेक्टिफायरच्या डीसीचं. चालू लॅम्पवर जेमतेम २४-२५ व्होल्ट आणि ६५ अँपिअरच्या आसपास असतात, पण पेटायच्या क्षणाला त्याच्या कितीतरी वर नो-लोड, म्हणजे लॅम्प पेटलेला नसतानाचं व्होल्टेज लागतं. ते कमी पडलं की रेघ येते आणि मरते.

नो-लोड मोजा, पण आधी इग्नाइटरची २३० व्होल्टची वायर काढून टेपने बांधा. मीटर लावलेलं असताना इग्नाइटर वाजला तर मीटर जळेल आणि हातालाही बसेल. मग रेक्टिफायरच्या इनपुटला फेजच्या तिन्ही जोड्या मोजा. आकडे इथे टाका.

आणि लॅम्प हाऊस उघडताना तोंडावर फेस शील्ड, हातात चामड्याचे मोजे, अंगात जाड जॅकेट. थंड लॅम्पमध्येही बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाब असतो, गरम झाल्यावर तो आणखी वाढतो. आमच्या केबिनमध्ये एका पोराने शो सुटल्यावर लगेच दार उघडलं. लॅम्प फुटला. आरसा तर गेलाच, काचेचे तुकडे समोरच्या भिंतीच्या चुन्यात रुतले होते. त्याने चष्मा घातला होता म्हणून डोळा वाचला. तेव्हापासून लॅम्प बंद केल्यावर ब्लोअर पंधरा मिनिटं चालू ठेवतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय दाराला हात लावू देत नाही, मालक असला तरी.

आर्वी_टॉकीज:
१४०० तास म्हणजे लॅम्प अर्ध्याच्या वर गेला. मोजमाप करा, पण लॅम्प लागणारच.

लेझर_वणी:
लेझरमध्ये फुटायची भीतीच नाही.

पुसदचा_ऑपरेटर:
जुनं केबिन बरोबर बोलताहेत. मीही हेच सांगणार होतो. शिवाय काचेला बोट लागलं असेल तर स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट डाग तापला की क्वार्ट्झ तिथेच कमजोर होतं.

चामोर्शीवाला:
मोजलं. डीसी नो-लोड ६४ येतंय. इनपुटला एका जोडीवर ४०५, उरलेल्या दोन्हींवर २००च्या आसपास. जनरेटरच्या पॅनेलवर मात्र तिन्ही जोड्या ४०५-४१० दाखवतात.

जुनं_केबिन:
मग एक फेज वाटेत मेलाय. ट्रान्सफॉर्मरमधून उलटी येणारी अर्धी व्होल्टेज दिसतेय ती. ब्लोअर आणि इग्नाइटर जिवंत फेजवर असणार, म्हणून सगळं ठीक वाटलं. मेन स्विचमधले तिन्ही किटकॅट फ्यूज काढा. नुसते पाहू नका, तारेला हाताने ओढा. जनरेटर आधी बंद.

वडसा_मंडप:
उंदीर पाहा भाऊ. गोदामात वर्षभर होती ना मशीन. केबल कुरतडते तो.

चामोर्शीवाला:
सापडलं! मधल्या किटकॅटची तार वरून अखंड दिसत होती, पण स्क्रूखाली तुटली होती. ओढल्याबरोबर हातात आली. वडशाच्या दादांचंही खरं निघालं, केबलला दोन ठिकाणी उंदराचे दात होते. नवी तार भरली, डीसी ९७ आलं, आणि पहिल्या बटणाला आर्क धरला. लॅम्प हाऊसच्या काळ्या काचेतून पाहिलं, टोकावर बिंदूएवढी स्थिर ज्योत. वर्षभराने पाहिली ती. जुनं केबिन, तुमचे खूप आभार.

जुनं_केबिन:
वा! आता यात्रेला जाताना एक जास्तीचा लॅम्प सोबत ठेवा. तंबूत मध्येच गेला तर चामोर्शीत मिळणार नाही.

पुसदचा_ऑपरेटर:
जास्तीचा लॅम्प हवाच. इग्नाइटरही घ्या एक.

आर्वी_टॉकीज:
मी पहिल्या दिवसापासून लॅम्प घ्या म्हणतोय.

चामोर्शीवाला:
सगळ्यांचा मान ठेवून सांगतो, यंदा दुसरा लॅम्प घेत नाही. काचेला काळेपणा नाही, आर्क हलत नाही, आणि एवढीशी यात्रा हा लॅम्प काढेल अशी माझी खात्री आहे. त्या २० हजारांत नवी थ्री फेज केबल, नवा मेन स्विच, फेस शील्ड आणि चामड्याचे मोजे घेतले. उरले त्यातून जनरेटरचं ऑइल आणि फिल्टर. शील्ड घालूनच लॅम्प हाऊसमधली धूळ काढली आणि एचटीची वायर पत्र्यापासून चार बोटं दूर बांधली.

काल रात्री अंगणात दोन खांबांना धोतर बांधून एक रीळ लावलं. आई बाजेवर बसून शेवटपर्यंत पाहत होती. रीळ संपलं तर म्हणाली, चेंजओव्हरची खूण आली होती, तू दुसरं लावलं का नाहीस?

आर्वी_टॉकीज:
तरी लॅम्प घ्यायला हवा होता.

वडसा_मंडप:
तंबू घाटाकडं टाकता का देवळाकडं? मी मायले घेऊन येतो.