मदत हवी आहे: हान्स आयस्लरचं एक गाणं मराठीत आणताना

नमस्कार मंडळी. आमच्या गाण्याच्या गटासाठी मी जर्मन संगीतकार हान्स आयस्लरच्या एका छोट्या गाण्याचा अनुवाद करतेय. शब्द जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तचे, चाल 1942ची, अमेरिकेतल्या निर्वासितपणातली. परागंदा माणूस आपल्या रेडिओला विनवतोय: पळताना तुला घरातून बोटीवर, बोटीवरून गाडीत जपून आणलं, आता अचानक मुका होऊ नकोस. शत्रूच्या विजयाच्या बातम्या त्याच रेडिओवर येतात, तरी त्याला त्या ऐकायच्याच आहेत! जेमतेम मिनिटभराचं गाणं, पण मला दोन दिवस झोप नाही.

आयस्लर पक्का साम्यवादी. 1933मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत परतणं अशक्य झालं, आणि 1948मध्ये अमेरिकेनेही घालवून दिलं. पुढे त्याने पूर्व जर्मनीच्या राष्ट्रगीताला चाल दिली, आणि तिथेही 1953मध्ये त्याच्या 'फाउस्टुस' या ऑपेराच्या संहितेवर सत्ताधारी साम्यवादी पक्षाने झोड उठवली. तरी तो साम्यवादीच राहिला. हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

अडलंय ते पहिल्याच ओळीत. तिथे रेडिओला उद्देशून मूळ जर्मन शब्द आहे 'कास्टन', म्हणजे पेटी, खोका असं काहीतरी. 'पेटी' म्हटलं की आपल्याकडे हार्मोनियमच डोळ्यांसमोर येते, 'डबा' अगदीच स्वयंपाकघरातला. 'खोकं' चालेल का? जर्मन येणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी कृपया सुचवा.