ओरिओसारख्या बिस्किटांतील क्रीम शाकाहारी असते का?

फोंड्याची_वाचक: आमच्या वाड्यावर शनिवारी भजन आहे. त्याला येणाऱ्या मुलांना ओरिओ वाटण्याचा विचार होता, परंतु त्याच्या क्रीममध्ये प्राण्यांची चरबी असते, असे सासूबाईंच्या कानावर आले आहे. दोनशे रुपयांच्या आत निर्धास्तपणे देता येतील अशी बिस्किटे कृपया सुचवावीत.

पणजीकर_७१: आयात केलेला डबाच घ्यावा. किंमत पाचशेच्या पुढे जाते, परंतु आमच्या घरी दुसरे काही चालत नाही.

डिचोलीवाला: सासूबाईंनी ऐकलेले जुन्या काळापुरते खरे आहे. ओरिओ १९१२ मध्ये अमेरिकेत निघाले तेव्हा क्रीममध्ये डुकराची चरबी असे. ती १९९० च्या दशकात काढून टाकण्यात आली, आणि भारतात हे बिस्किट २०११ मध्ये आले. शिवाय या प्रकारचे ते मूळचेही नव्हे, कारण हायड्रॉक्स नावाचे तसेच अमेरिकी क्रीम बिस्किट १९०८ चे आहे.

मडगावची_माई: मूळचे कोणते, याने काय साधणार? आपले बोर्बन घ्या. ओरिओचा तो काळा रंग मला कृत्रिमच वाटतो.

पेडणेकर_काका: माई, तो रंग अल्कलीची प्रक्रिया केलेल्या कोकोचा आहे. मुख्य प्रश्नाचे उत्तर वेष्टनावरच मिळते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून मैदा आणि साखर आरंभी येतात. क्रीम म्हणजे दुधाची साय नव्हे. साखर आणि पाम तेलासारखा वनस्पतिजन्य स्निग्धांश घोटून त्यात व्हॅनिलाचा स्वाद घातलेला असतो. घटकांच्या यादीत काही पदार्थ क्रमांकाने छापतात: ३२२ म्हणजे स्निग्धांश नीट मिसळून ठेवणारे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनचे असते, आणि ५०३(२) म्हणजे भट्टीत वायू होऊन पीठ फुगवणारे अमोनियम बायकार्बोनेट. चौकोनातील हिरवा ठिपका पाहावा, आणि मुलांसाठी अ‍ॅलर्जीची ओळही वाचावी.

म्हापशेकर: वेष्टन वाचावे, हेच मीही सांगणार होतो. एका बेकरीतून सुटी क्रीम बिस्किटे आणली, तर उकाड्याने क्रीम पातळ होऊन वरची चकती सरकली आणि घटक विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाहीत. त्यापेक्षा जत्रेतले खाजे वाटा.

फोंड्याची_वाचक: सर्वांचे आभार. काकांच्या सांगण्यावरून दुकानात सासूबाईंना हिरवा ठिपका दाखवला आणि घटकही वाचून दाखवले. त्यांचे समाधान झाले. डबा, बोर्बन किंवा खाजे न घेता ओरिओच्याच लहान पुड्या घेतल्या आहेत, कारण मुलांनी मागितले होते तेच, आणि खर्चही दोनशेच्या आत राहिला.