आपत्कालीन विभागाच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ कोणाला लिहिता येते?

प्रश्न: विश्वस्त, गंगापूर रोड

नाशिकमधील एका लहान धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर मी आहे. सिंहस्थाच्या तोंडावर आम्ही चोवीस तासांचा आपत्कालीन विभाग वाढवत आहोत. त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांनी एमबीबीएसनंतर एका खासगी रुग्णालयात, अमेरिकेतील विद्यापीठाच्या सहयोगाने चालणारा तीन वर्षांचा ‘मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन’ म्हणजे एमईएम अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्यांच्या कामाबद्दल मंडळात दुमत नाही. मतभेद पाटीवरून आहे. त्यांच्या नावाखाली ‘आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ’ असे लिहावे, असा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे आणि मला त्यात कायद्याची अडचण दिसते. नेमका नियम काय आहे, आणि जबाबदारी एकट्या डॉक्टरांची की रुग्णालयाचीही?

उत्तर: वकील, नाशिक रोड

आपली शंका रास्त आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांतील कलम ७.२० नुसार, एखाद्या शाखेची विशेष पात्रता नसताना त्या शाखेचा तज्ज्ञ असल्याचा दावा करणे हे गैरवर्तन ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरांना आपत्कालीन विभागात रुग्ण तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०१९ च्या आयोग कायद्यातील कलम ३४ ची शिक्षा, म्हणजे एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा पाच लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, ही नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. ती आपल्या डॉक्टरांना लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत प्रश्न शिस्तभंगाचा आहे. तक्रार झाल्यास महाराष्ट्र वैद्यकीय परिषद चौकशी करते आणि दोष सिद्ध झाल्यास ठरावीक काळासाठी नोंदवहीतून नाव काढूही शकते.

परिषदेचा अधिकार डॉक्टरांवर चालतो, म्हणून रुग्णालय सुटते असे मात्र समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे, आणि नसलेली पात्रता जाहीर करणारी पाटी दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. उपचारात काही बिघडले, तर विरुद्ध पक्षाचे वकील सर्वप्रथम त्या पाटीचेच छायाचित्र पुढे ठेवतील. पूर्णपणे मोफत सेवेचा विचार त्याच निकालात वेगळा केला आहे, परंतु काही रुग्णांकडून शुल्क घेत असाल तर त्या अपवादावर विसंबू नका.

उत्तर: आपत्कालीन विभागातील डॉक्टर, पंचवटी

वकील साहेबांच्या मताशी मी सहमत आहे. पात्रतेपुरते सांगतो. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली. आज या शाखेत एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) या मान्य पदव्या आहेत. एमईएम ही आयोगाच्या मान्य पात्रतांमध्ये नाही. येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिपदेखील उपयोगी आहेत, तरी फेलोशिप म्हणजे पदव्युत्तर पदवी नव्हे.

एमईएम केलेल्या सहकाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. एमडीच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या तेव्हापासून रात्री-अपरात्री श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पाहून काही मिनिटांत निर्णय घेणे, महामार्गावरचे अपघात सांभाळणे हे काम त्यांनी केले आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये ही शाखा मान्य झाली, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या डॉक्टरांना अनुभवाच्या बळावर प्रमाणपत्र परीक्षेला बसण्याची वाट १९८८ पर्यंत खुली ठेवली होती. आपल्याकडेही तशी कठोर परीक्षेची वाट असावी असे माझे ठाम मत आहे. तोवर मात्र शय्येवर पडलेल्या रुग्णाला पदव्यांमधला फरक ओळखता येत नाही, आणि त्याच्या या अडचणीचा फायदा कोणीही घेऊ नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘तज्ज्ञ’ वगळून नावापुढे एमबीबीएस, एमईएम असे लिहिले तर चालेल का? शिवाय दुसऱ्या एका उमेदवाराकडे ब्रिटनची एमआरसीईएम, म्हणजे तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनच्या सदस्यत्वाची पात्रता आहे.

उत्तर: वकील, नाशिक रोड

कलम १.४.२ नुसार नावापुढे मान्य पदव्या, तसेच व्यावसायिक ज्ञान देणारी प्रमाणपत्रे व सदस्यत्वे लिहिता येतात, त्यामुळे एमईएम लिहिण्याला काहीसा आधार मिळतो. तथापि ‘मास्टर्स’ हा शब्द एमडीचा भास निर्माण करतो, म्हणून मी ते टाळेन. एमआरसीईएम ही ब्रिटनमध्येही प्रशिक्षणाच्या मधल्या टप्प्यावरची परीक्षा आहे. तिथे तज्ज्ञ म्हणून नोंद व्हायला पुढचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

पाटीवर ‘डॉ. अमुक, एमबीबीएस, वैद्यकीय अधिकारी, आपत्कालीन विभाग’ एवढेच लिहावे आणि खाली परिषदेचा नोंदणी क्रमांक द्यावा. हा क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवरही बंधनकारक आहे. नव्या उमेदवाराने एमडी किंवा डीएनबी असल्याचे सांगितले, तर नेमणुकीपूर्वी ती अतिरिक्त पात्रता परिषदेच्या नोंदवहीत चढली आहे का, हे तपासून त्याची प्रत फाइलला लावावी.